उतारावरचा पाइप

बाकी कशात असो नसो, पण बचतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या गल्लीत नाही! त्यामुळे बायकोने ‘कमी पाण्यातली बाग’ या स्पर्धेत नाव घातलं, तेव्हा बक्षीस माझ्यामुळेच मिळणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आता खरं सांगायचं तर बाग सगळी तिची. उन्हाळाभर तिने भाज्या धुतलेलं पाणी मगाने एकेका झाडाच्या बुंध्याशी घातलं, ओल टिकावी म्हणून वर वाळलेली पानं पसरली. बागेची नळी तर तिने हातातही धरली नाही. आणि तरीही झिनिया अशी फुलली होती की येणारेजाणारे कुंपणापाशी थबकायचे. आता फक्त शेवटची पाहणी उरली होती. त्या संध्याकाळी परीक्षकबाई घरी येऊन बाग बघणार होत्या.

“मी बाईंना स्टेशनवरून घेऊन येते,” बायको म्हणाली. “तोवर कशालाही हात लावू नका.”

“अगं, मी काय लहान आहे?”

“लहान असता तर कडेवर घेऊन गेले असते!”

ती गेली आणि मला कल्पना सुचली. कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी! ते रोज मोरीत वाया जातं. तेच वाफ्यात खेळताना दिसलं, तर परीक्षकबाई तोंडात बोट घालतील. मशीनचा पाणी सोडायचा पाइप मागे आकड्याला उंच टांगलेला होता. म्हणजे मशीनने पाणी आधी वर ढकलायचं आणि मग खाली सोडायचं. केवढी ही विजेची नासाडी! मी पाइप आकड्यावरून काढला, त्याला बागेची नळी जोडली आणि मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून खाली थेट वाफ्यात सोडली. उतारावर पाणी फुकटात पळणार! झाडांना सोसत नाही म्हणून साबण वगळला, चादरी कोंबल्या आणि बटण दाबलं.

पाणी लगेच आलं! मी खुर्ची टाकून बघत बसलो.

“हे कसलं पाणी?” शेजारच्या निवृत्त मास्तरांनी कुंपणावरून मान काढली.

“वाया जाणारं! मशीनचं.”

“बरंच येतंय की.”

“मशीन मोठं आहे आमचं!”

थोड्या वेळाने खालच्या टाकीतून वरची टाकी भरणारा पंप आपोआप सुरू झाला. असेल त्याची वेळ, असं म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

“अजून थांबत नाही हो?” मास्तर म्हणाले.

“बचत अशी मध्येच थांबवायची नसते, मास्तर!”

तोवर वाळलेली पानं तरंगायला लागली होती. झिनियाने आधी माना टाकल्या आणि मग ती सरळ आडवीच झाली. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

“जावईबापू!” न्हाणीघरातून सासूबाईंनी हाक मारली. “नळ गेला! माझ्या डोळ्यांत शाम्पू जातोय!”

“लाइनीत काहीतरी गडबड असेल, आई!”

डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन त्या तणतणत बाहेर आल्या, वाफ्यातली नळी हाताने चाचपत थेट मशीनपाशी पोचल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. आत पाण्याचा थेंब नाही! ओल्या चादरी तळाशी पडून माझ्याकडे बघत होत्या.

“वरून भरतंय आणि खालून जातंय,” सासूबाई म्हणाल्या. “पाइप उंच टांगलेला असतो, म्हणून पाणी आत राहतं. तुम्ही तो खाली सोडलात! बिचारं मशीन अजून भरायची वाट बघतंय. याला मशीन नाही म्हणत, जावईबापू, उघडा नळ म्हणतात!”

मी धावत जाऊन पाइप उचलला. त्याने शेवटचा एक गुळगुळ आवाज केला आणि तो गप्प झाला. वरची टाकी रिकामी, खालची टाकी रिकामी, आणि पंप नुसताच कोरडा घरघरत होता. बायकोची उन्हाळाभराची मेहनत मी एका संध्याकाळी बुडवली होती. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

“या ना, अशा इकडून या. मी तर नळीसुद्धा वापरत नाही हो, नुसतं मगाने—” बायकोचा आवाज तिथेच तुटला. परीक्षकबाई मात्र एक पाऊल पुढे गेल्या होत्या. ते पाऊल घोट्यापर्यंत चिखलात गेलं आणि वर आलं ते चपलेशिवाय.

मास्तरांनी कुंपणावरून माझी बाजू सावरली, “मशीन मोठं आहे त्यांचं.”

“पाय धुवायला जरा पाणी मिळेल का?” बाईंनी एका पायावर उभं राहून विचारलं.

बायकोने दारात उभ्या असलेल्या फेसाळ आईकडे पाहिलं, आडव्या झिनियाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. एवढ्या गोड आवाजात ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलली.

“ह्यांच्याकडे मागा ना. घरातलं सगळं पाणी ह्यांनी वाचवून ठेवलंय.”

मी मुकाट्याने मग घेतला आणि वाफ्यात त्यातल्या त्यात कमी गढूळ कोपरा शोधू लागलो.