पाशिंजर कोन?

बिराजदारमामांना बरोबर घेऊन दवाखान्यात गेलात, तर तुमच्या वाट्याला भिंत येते. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या मामा खुर्च्या हलवायला लागतात. पेशंटची खुर्ची ओढून डॉक्टरांच्या टेबलाला चिकटवायची आणि नातेवाइकाची उचलून, तोंड भिंतीकडे करून ठेवायची. नवरा असो, मुलगा असो, सून असो, त्यानं भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर बघत बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. बोलायचं फक्त डॉक्टरांनी आणि पेशंटनं. मी स्वतः ते कॅलेंडर पाठ केलंय, एकादश्यांसकट.

मामा जुळे सोलापूर भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एकटेच. लग्न केलं नाही. एसटीत कंडक्टर होते, अक्कलकोटच्या गाडीवर, आणि रिटायर झाले तरी कंडक्टरकी अंगातून गेली नाही. म्हातारीला गाडीत बसवून मुलगा खिडकीतून बोलायला लागला, तरी मामा तिकीट त्या म्हातारीच्याच हातात द्यायचे आणि उतरायचं कुठं हेही तिलाच विचारायचे. "ज्याला जायाचंय त्याला म्हाईत नगं का, कुटं चाललोय ते?" आता तोच कायदा त्यांनी दवाखान्यात लावलाय. डॉक्टर पेशंटच्या डोक्यावरून नातेवाइकाशी बोलायला लागले, की मामांचा खणखणीत आवाज येतो, "साहेब, पाशिंजर कोन हाय?"

तरी कॉलनीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की हाक मामांनाच. रिकामे असतात, सगळे रिक्षावाले ओळखीचे, नंबर लावायला कंटाळत नाहीत. पण मग बाकीचंही पदरात घ्यावं लागतं. समोरच्या जोशीबाईंच्या नातवाचा दात काढायचा होता. पोराला कळू नये म्हणून आई डॉक्टरांना डोळ्यांनी खुणा करत होती. मामा म्हणाले, "खुना कशाला? पाशिंजरला सांगा की, काय करनार ते." डॉक्टरही बिचारे इमानदार. सगळं सांगितलं, सुईसकट, चिमट्यासकट. पाशिंजर खुर्चीतून जो उठला, तो थेट विजापूर रोडला रसवंतीपाशी सापडला. जोशीबाईंनी मामांशी बोलणं टाकलं. आणि मामा वर मला म्हणतात कसे, "उतरायचा हक हाय की त्याला!"

सासूबाईंच्या वेळी मात्र माझं आणि त्यांचं कडाक्याचं वाजलं. सासूबाईंना छातीत गाठ आली. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आम्ही आपलं सगळे करतात तेच ठरवलं: त्यांना कळू द्यायचं नाही. साधी गाठ आहे, काढून टाकतील, संपलं. घरात जो तो गोड बोलायला लागला. रोज शिरा काय, शेंगाचटणी काय, विचारूच नका! सासूबाई काय दुधखुळ्या होत्या? त्यांनी जेवणच टाकलं. हे कळलं तसं मामांनी मला जिन्यातच गाठलं.

"ताई, पाशिंजरला गाडीत बसवलंय आन् गाडीची पाटी झाकून ठिवलीय तुमी."

"मामा, जिवाचं काही वाटतं का तुम्हाला? हाय खाऊन बसतील त्या!"

"मग आत्ता काय करायलेत? जेवायलेत का?"

मी आणखीच तणतणले. आमच्या घरात नाक खुपसू नका, इथपर्यंत बोलले. मामा खाली गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तरी डबा घेऊन हॉस्पिटलात हजर! नर्स सहीसाठी ह्यांच्याकडे आली, तशा खाटेवरून सासूबाईच कडाडल्या, "का हो बिराजदार, कापायचं मला आणि सही ह्याची?"

मामांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मीच डॉक्टरांना बोलावलं आणि म्हटलं, आईंना सगळं सांगा. सासूबाईंनी ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की ते घामाघूम झाले. सही स्वतः केली. संध्याकाळी मामांच्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली. आज ठणठणीत आहेत आणि माझ्याशी रोज भांडतात.

गेल्या उन्हाळ्यात मामांचा तो खणखणीत आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, फरक नाही. शेवटी घशातला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी मामा आमच्या दारात उभे. "ताई, रिकाम्या असाल तर येता का संगट?"

घशाच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मॅडम. मामांनी त्यांच्या खुर्च्या कितीदा तरी हलवलेल्या. मी शहाण्यासारखी आपणहून भिंतीकडे तोंड करून बसले. मॅडमनीही थेट मामांकडे बघून सुरुवात केली, "मामा, तुमचा रिपोर्ट आलाय."

"थांबा मॅडम." मामा उठले. "मी भाईर बसतो. हिला सांगा."

मॅडम म्हणाल्या, "अहो, पेशंट तुम्ही! तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!"

"व्हय की. पेशंटच्या मनापरमानं करा म्हनलो न्हवं? मग पेशंट म्हनतोय, हिला सांगा."

"या कोण तुमच्या?"

"नातेवाईक," मामा म्हणाले आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले.

कॅन्सरच होता. पण लवकर सापडलेला. औषधोपचार नीट घेतले तर बरे व्हायची आशा चांगली, असं मॅडम म्हणाल्या. मी सुचेल ते विचारलं, डोळे पुसले आणि बाहेर आले. मामा बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. माझं टाळकंच सरकलं.

"मामा, हे काय नाटक? जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत आणि स्वतःची वेळ आली तर पळालात?"

"रागावू नका ताई." आवाज नुसता घोगरा. "लोकं म्हनत्यात, घरच्यांनी माज्यापसनं लपिवलं. मी त्यांच्या बाजूनं भांडतो. भांडायलाच पायजे. पन मनात म्हनतो, लपवायला तरी हाईत की यांना घरचे. आपल्यासाटी कुनीतरी आत जावं, ऐकून घ्यावं, डोळे पुसून भाईर यावं... एकदा बगायचं हुतं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"बगितलं," मामा म्हणाले. "आता सांगा. काय बी गाळू नका."

मी त्यांचा हात धरला आणि काहीही गाळलं नाही.