तिरंगी बोका आणि झोपे सर

झोपे सर तिरंगी मांजरीला ‘अक्का’ म्हणत. तेही मनातल्या मनात नव्हे. जळगावच्या भर बाजारात स्कूटर थांबवून, एक पाय जमिनीला टेकून विचारत, “काय अक्का, बरं आहे ना?” मागे बसलेला माणूस, म्हणजे बहुतेक वेळा मी, दुकानांच्या पाट्या वाचत बसायचा. त्याच्याही मागे केळीचा ट्रक भोंगा वाजवायचा. सर ट्रकवाल्यालाही समजावून सांगत, की अंगावर काळा, भगवा, पांढरा असे तिन्ही रंग दिसले की ती मांजर, बोका नव्हे. शेपटी उचलून बघायचं कारण नाही.

ट्रकवाल्याने तसा विचार केलेला नसायचा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. आम्ही शेजारीही होतो. सर मूळचे यावलकडचे. आडनाव झोपे आणि आवडता विषय झोपलेली जनुकं. पोरांना आणखी काय पाहिजे? फळ्यावर कोणीतरी ‘झोपे सर, जागे व्हा’ असं लिहून ठेवायचं. सर ते पुसत नसत. त्याच्याच खाली शिकवायला लागत. “प्रत्येक पेशीत अख्खं पुस्तक असतं. पण डोळ्याच्या पेशीने नखाचा धडा उघडला तर चालेल का? म्हणून नको ते धडे घट्ट घडी घालून ठेवतात. गेलेले नसतात, झोपलेले असतात.”

‘गेलेलं नाही, झोपलंय’ हे त्यांचं पालुपद होतं. नळाला पाणी नसलं, प्राचार्यांकडे फाइल अडकली, मॅटिनीला निघालेल्या पोराची हजेरी लागली नाही, सगळ्याला हेच. एकदा सांत्वनाला गेलो असताना त्यांनी तोंड उघडलं आणि “गेलेले नाहीत…” एवढं म्हणाले, तेव्हा मी त्यांना कोपराने ढोसलं. घरच्यांना वाटलं, सर अध्यात्मात उतरले.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे लोकांचे गाल. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, पैकी एक जागं, एक झोपलेलं. झोपलेलं अंग चोरून बसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. पुरुषाकडे मुळात एकच. ते झोपलं तर काम कोण करणार? म्हणून तिथे ठिपका नाही. हा ठिपका दाखवण्यासाठी सर आइस्क्रीमच्या कपाचा लाकडी चमचा खिशात बाळगत आणि भेटेल त्या बाईचा गाल आतून खरवडायला मागत. माझ्या बायकोचा ठिपका त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळवला. माझ्या सासूबाईंनी मात्र तोंड उघडायला नकार दिला. हे त्यांच्या आयुष्यात एकदाच घडलं.

मांजरीचंही तेच होतं. एका एक्सवर भगवा रंग, दुसऱ्यावर काळा. अंगाच्या ज्या तुकड्यात जो जागा, तो दिसतो. पांढऱ्याचं खातं वेगळं. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून तो एक तर भगवा, नाही तर काळा.

एकदा चोपड्याचे रशीदभाई पिंजारी आमच्या अंगणात गाद्या भरायला बसले होते. कुंपणावरून एक तिरंगी मांजर गेली. सरांनी “काय अक्का” म्हटलं. रशीदभाई कापूस पिंजता पिंजता म्हणाले, “आपल्या घरी अस्साच बोका आहे, सर.”

“मांजर असेल,” मी सरांच्या वतीने म्हणालो.

“बोकाच है. मैंने गौर से देखा है.”

आता तासभर व्याख्यान होणार, असं मला वाटलं. पण सरांनी फक्त रशीदभाईंचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला एस.टी.त बसवून चोपड्याला नेलं.

रशीदभाईंच्या ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकून बोका झोपला होता. काळा, भगवा, पांढरा. सरांनी शेपटी उचलून बघितली.

“बोकाच आहे,” ते म्हणाले.

“बोला था ना? पण सर, गल्लीत इतकी पिल्लं झाली, एक पण याच्यावर गेलं नाही. पोरं हसतात याला.”

“याला पिल्लं होणार नाहीत. याच्याकडे एक एक्स जास्तीचं आहे.”

कोपऱ्यात बसलेली रशीदभाईंची म्हातारी अम्मी म्हणाली, “नहीं हुए तो नहीं हुए. मेरे पास आके सोता है. मेरे को और क्या होना?”

सरांचा हात सवयीने खिशातल्या चमच्याकडे गेला होता. हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला. चहा घेतला आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले. तापीचा पूल गेल्यावर म्हणाले, “नोकरी लागली त्या वर्षी पोरांना दाखवायचं होतं, पुरुषाच्या पेशीत ठिपका नसतो. दुसऱ्याचा गाल कशाला, म्हणून माझाच खरवडला. ठिपका होता.”

मला कळायला जरा वेळ लागला.

“त्या बोक्यासारखंच. मुंबईला जाऊन तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, मूल होणार नाही.”

तोवर मूल होत नाही म्हणून सरांच्या आईने सुमनवहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, सगळे देव आणि सगळे वैद्य करायला लावले होते. दुसरी मुलगीही बघून ठेवली होती. सर मुंबईहून थेट गावी गेले. दिवाळीला सगळे भाऊबंद जमले होते. ओट्यावर उभं राहून सर म्हणाले, “खोट माह्यात हाये, तिच्यात नही.”

“आई काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, अरे हळू बोल, लोकं ऐकतीन.” सर किंचित हसले. “म्हणून मग पुन्हा एकदा बोललो. मोठ्यानं.”

जळगावला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी फाटकातच उभ्या होत्या.

“दिसला?”

“दिसला.”

“बोकाच आहे?”

“बोकाच.”

वहिनींनी फाटक उघडलं. “त्याला कोणी हाकलत-बिकलत नाही ना हो?”

“नाही. घरातली म्हातारी फार जीव लावते.”

“मग झालं,” वहिनी म्हणाल्या आणि सरांच्या हातातली पिशवी घेतली. मलाही म्हणाल्या, “भाऊ, जेवून जा, कळण्याची भाकरी केलीय.” दारातून आत पाट दिसत होते. दोनच मांडलेले, दोन्ही रिकामे. वहिनी दुपारपासून जेवायच्या थांबल्या होत्या.

घरी वाट बघत असतील, असं सांगून मी निघालो.