सुलक्षणाचा होकार

शेंदूरवाडीत कोणी काही ठरवलं की त्याची कारणं चालत घरी येतात, दारात चपला काढतात आणि आत येऊन बसतात. त्यामुळे तिथे मुलगी बघायच्या कार्यक्रमाला पोहे जरा जास्तच भिजवतात.

सुलक्षणाला बघायला आलेला धैर्यशील होकार देऊन पाणी पीत होता, तोवर त्याची कारणं आलीसुद्धा. पुढे त्याच्या आईची गुडघेदुखी, भिंतीला धरत धरत. मागे त्याची बढती, कडक इस्त्रीच्या साडीत. शेवटी कॉलेजातल्या एका मुलीने दिलेला नकार, बारकेलासा गृहस्थ. तो कोपऱ्यात बसला आणि खाली मान घालून पोहे खायला लागला.

सुलक्षणाला मुलगा मनापासून आवडला होता. तिनेही हो म्हटलं. सगळे दाराकडे बघायला लागले.

कोणी आलं नाही.

"फाटक उघडं आहे ना?" तिच्या वडिलांनी, बापूंनी विचारलं.

"एस.टी. चुकली असेल," आत्या म्हणाली.

धैर्यशीलच्या आई, इंदुमतीबाई, म्हणाल्या, "अगं, एकसुद्धा कारण नाही?"

"मी विचार केला आणि ठरवलं," सुलक्षणा म्हणाली.

"पण तो विचार कशामुळे आला? त्याला बोलाव की."

"मनात हाक मारून बघितली. कोणी ओ देत नाही."

"आमच्यात नाही हो चालत असं. आज उगीच हो म्हणतेय, उद्या उगीच नाही म्हणेल."

आत्या सुलक्षणाच्या कानाला लागली. "पगार बघून हो म्हटलं म्हण. येतोय बघ लगेच."

सुलक्षणाने तसं म्हटलं. फाटकाशी खरंच एक माणूस आला. त्याने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, "छे, मी हिचा नाही," म्हणाला आणि परत गेला.

इंदुमतीबाई पर्स घेऊन उठल्या. आता हा मुलगा जाणार, आणि त्याला थांबवायला सुलक्षणाकडे एक साधं कारण नव्हतं.

तेवढ्यात धैर्यशील आपल्या कारणांकडे वळला. "तुम्ही जरा निघता का?"

"आम्ही गेलो तर तुझा होकारही जाईल रे," गुडघेदुखी म्हणाली.

"बघू तर खरं."

कारणांनी चपला घातल्या. कोपऱ्यातला नकार सगळ्यात शेवटी गेला, उंबऱ्यावर थोडा रेंगाळून.

मग सगळे धैर्यशीलकडे बघायला लागले. किल्ली हरवलेला माणूस खिसे चाचपतो, तसं त्याने आत चाचपून बघितलं.

"आहे अजून," तो म्हणाला.

"अरे, पण कशामुळे?" इंदुमतीबाई ओरडल्या.

"काय माहीत."

बापूंनी सुस्कारा सोडला. "मग जुळलं की. दोन्हीकडे सारखंच आहे."

इंदुमतीबाई परत बसल्या आणि त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

सगळ्यांनी सवयीने दाराकडे बघितलं. कोणी आलं नाही.

"तारीख कुठली धरायची?" इंदुमतीबाई म्हणाल्या.