युगांडाची कढई, नेपाळची किटली

चनवीरप्पा बिराजदार रोज सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला आपलं तेलाचं दुकान सोडून गल्लीतून एक फेरी मारत आणि प्रत्येक घरासमोर थांबून वास घेत. लपूनछपून नव्हे. दोन्ही हात पाठीमागे, मान किंचित वर, डोळे अर्धे मिटलेले. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटे, कुठे तरी गटार तुंबलं आहे आणि नगरपालिकेने अखेर माणूस पाठवला.

फेरी संपली की दुकानात परत येऊन ते अहवाल देत. "कुलकर्ण्यांकडं जावई आलाय. तेल हात सोडून पडलंय." किंवा, "त्या कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडाचं काय खरं न्हाय. कोरडा तवा तापतोय नुसता."

सोलापुरात मंगळवार पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. शेंगतेल आणि करडईचं तेल, बाकी काही नाही. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी दुकानासमोरच्या माडीवर राहत असे. दैनिकातलं माझं काम दुपारनंतर सुरू होई, त्यामुळे सकाळचा अहवाल मला ऐकावाच लागे.

अण्णांचा सिद्धांत सोपा होता. "पगार सांगताना माणूस खोटं बोलंल. कपडे उसने आणंल. पण फोडणी उसनी घालता येत न्हाय. घराची परिस्थिती कढईत कळती."

हा सिद्धांत बऱ्याचदा चुके. एकदा त्यांनी एका बिऱ्हाडाला 'लई सुखी' ठरवलं आणि त्याच दुपारी त्या घरची सून ट्रंक घेऊन माहेरी निघाली. शेजारचे यंत्रमागवाले येमूल रोज दुकानातल्या बाकावर बसायला येत. त्यांनी हे प्रकरण काढलं.

"काय हो अण्णा, सुखी म्हणत होता की!"

"सुखी म्हंजे खाऊनपिऊन," अण्णा म्हणाले. "भांडणाला वास नसतो."

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी आमच्या गल्लीत बाहेरची दोन बिऱ्हाडं होती. एक रतिलालभाईंचं. युगांडातून तिथल्या भारतीयांना घालवून दिलं, त्यांतले हे गुजराती. कंपाला शहरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. सोलापुरात बायकोचा लांबचा भाऊ होता म्हणून इकडे आले. भाऊ महिनाभरात लांबचा लांबच राहिला. रतिलालभाई एका पेढीवर हिशेब लिहू लागले. बायको मंजुळाबेन घरात असत.

दुसरं बिऱ्हाड नेपाळी वॉचमनचं. त्याचं नाव टीकाराम होतं, पण पेठेने त्याला परस्पर बहादूर करून टाकलं होतं. तो एका गोदामावर रात्रपाळी करी. बायकोचं नाव दिलमाया.

अण्णा या घरांना नावाने ओळखत नसत. "आज युगांडात ओवा पडला," ते सांगत. "नेपाळात सामसूम."

येमूल एकदा म्हणाले, "परदेशातनं हाकललेल्याचं बरं असतं, का आपल्या पायानं आलेल्याचं?"

प्रश्न सहज विचारलेला होता. अण्णांनी तो अंगावर घेतला. त्या दिवसापासून त्यांची फेरी इतर घरांसमोर आखडली आणि या दोन घरांसमोर लांबली. आठवड्याभरात त्यांनी निकाल दिला. युगांडा मजेत आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तळण. बेसन, ओवा, मिरी. राजाघरी चालत नाही असं चाललंय. नेपाळची मात्र दैना. फोडणीचा आवाज नाही, शेंगतेलाचा वास नाही.

"काहीच वास येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. मोहरीच्या तेलाचा." त्यांनी आवाज खाली आणला. "अंगाला चोळत असतील बिचारे. खायला न्हाय, आन वरनं अंगदुखी."

मोहरीच्या तेलात माणसं स्वयंपाक करतात हे अण्णांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आमच्याकडे ते तेल थंडीत गुडघ्यांना लावतात.

एरवी या निकालाने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या हिवाळ्याच्या तोंडाला तेलाची टंचाई झाली. दुकानाबाहेर रांगा लागू लागल्या. अण्णांनी आपला नियम केला: जुन्या गिऱ्हाइकांना ठरलेलं माप, नव्यांना थोडं थोडं, आणि त्यातून जे उरेल ते ज्याची परिस्थिती वाईट त्याला. परिस्थिती कोण ठरवणार, हा प्रश्न नव्हताच.

टीकाराम झाकणाला पोचा आलेली ॲल्युमिनियमची किटली घेऊन येई. अण्णा ती काठोकाठ भरून देत.

"अण्णा, इतना नहीं लगता हमको," तो पहिल्यांदा म्हणाला.

"लाजू नको रे. साकु, काय बोलू नको. खा पोटभर." साकु म्हणजे पुरे. अण्णा हा शब्द वाद मिटवायला वापरत.

मंजुळाबेन डबा घेऊन आल्या तेव्हा मी तिथे होतो. अण्णांनी लहान माप उचललं.

"अण्णा, थोडं जास्ती द्या ने," त्या म्हणाल्या.

"बेन, तुमच्याकडं रोजच सण हाय. जरा तळण कमी करा. लोकांना फोडणीला न्हाय."

मंजुळाबेन काही तरी बोलणार होत्या. मग रांगेकडे पाहिलं, डबा उचलला आणि गेल्या.

त्या घराची खरी अवस्था नंतर कळली, ती इथेच सांगतो. रतिलालभाईंच्या पगारात भाडं जाऊन फारसं उरत नव्हतं. घर चालत होतं मंजुळाबेन तळत त्या बेसनाच्या गाठियांवर. स्टेशनजवळचा एक हॉटेलवाला ते रोज घेई आणि त्याची अट एकच होती: एक दिवस माल चुकला तर दुसरीकडून घेईन. तेल नाही म्हणजे गाठिया नाहीत, आणि गाठिया नाहीत म्हणजे घर नाही. पण कंपालातल्या कापडदुकानाच्या मालकाची बायको तळण विकते हे कुणाला कळू नये, ही रतिलालभाईंची इच्छा होती. म्हणून टीकाराम रात्री कामावर जाताना माल कापडी पिशवीत घालून नेई आणि उजाडताना, घरी परतण्याआधी, हॉटेलात पोचवी. दिलमाया दिवसभर मंजुळाबेनच्या हाताखाली असे आणि तिला त्याची मजुरी मिळे.

आणि अण्णांनी पोटभर खायला म्हणून भरून दिलेली किटली टीकाराम सरळ मंजुळाबेनच्या घरी नेऊन ठेवी. त्याच्या घरात शेंगतेल कुणाला फारसं आवडत नव्हतं. मंजुळाबेन त्याला दुकानाच्या भावाने पैसे देत.

म्हणजे अण्णा ज्या घराचं तेल तोडत होते, त्याच घरात त्यांचंच तेल जात होतं. तळण चालू राही. तळणाचा वास अण्णांना येई. आणि त्या वासाने त्यांचं मत अधिकच पक्कं होई. आयुष्य तेलात गेलेल्या या माणसाला आपल्याच डब्यातलं तेल ओळखता आलं नाही, हे येमूल पुढे बरीच वर्षं सांगत.

एका सकाळी अण्णा फेरीवरून आले ते दोन्ही भाषांत बोलत.

"आठ दिवस झाले, युगांडाला मी कसंबसं वाटीभर तेल दिलंय. तरी कढई उतरत न्हाय! काळ्या बाजारातनं आणतेत. मी पुरवठा खात्यात कळवनार. गरिबाच्या तोंडचं तेल हाय ते!"

येमूल म्हणाले, "कळवा की. धाड पडली तर गल्लीचं नाव पेपरात येईल." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "अण्णा, साधी बातमी असली तरी आम्ही दुसऱ्या बाजूला एकदा विचारतो."

"मग चला. इचारू."

आम्ही गेलो. दार उघडंच होतं. आत दिलमाया परातीत पीठ मळत बसली होती. मंजुळाबेन कढईवर झारा धरून गाठिया पाडत होत्या. वर्तमानपत्राच्या कागदांवर गाठियांचे ढीग होते, एका कुटुंबाला महिनाभर पुरतील एवढे. चुलीशेजारी पोचा आलेल्या झाकणाची किटली होती.

अण्णांनी किटलीकडे पाहिलं. मग दिलमायाकडे. मग परत किटलीकडे.

"ही नेपाळची," ते म्हणाले.

"हां. त्याचीच ने," मंजुळाबेन म्हणाल्या. झारा त्यांनी खाली ठेवला नाही. घाणा करपला असता. "बसा अण्णा. आता बघितलंत तर बघितलंत. विकते मी. दुसरं काय करू?"

"आन तुमी खाता काय?"

"खिचडी."

"तेल?"

"विकायच्या तेलातलं घरात कसं घालू? मग धंदा कसा चालेल?"

अण्णा दिलमायाकडे वळले. "आन तू? उपाशी न्हाईस?"

दिलमायाला मराठी पूर्ण कळत नसे, पण हे कळलं. ती हसली. "दाल-भात खाते. साग खाते. उधर गाँव में खेत लिया इस साल."

"शेत घेतलंय?"

"छोटा है."

अण्णा पाटावर बसले. त्यांनी मंजुळाबेनना विचारलं, "तिकडं म्हनं मोटार होती तुमची?"

"होती," मंजुळाबेन म्हणाल्या. "तिथेच उभी असेल."

त्यांनी एका ताटलीत गरम गाठिया अण्णांपुढे ठेवल्या. अण्णांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मंजुळाबेननी विचारलं, "अण्णा, तुमच्याकडे कोण रांधतं?"

अण्णांच्या पत्नी गौरव्वा दुष्काळाच्या आधी वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. ते काय खात हे मला माहीत होतं, कारण माझ्या माडीवरून त्यांचं मागचं दार दिसे: कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही वेळेला, उभ्यानेच.

"साकु," अण्णा म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी हमालाच्या डोक्यावरून तेलाचा सीलबंद डबा मंजुळाबेनकडे गेला. टीकारामची किटली त्याच्या सांगण्याप्रमाणे अर्धीच भरली जाऊ लागली. पंधरा दिवस येमूलनी अण्णांना सोडलं नाही. "अण्णा, आज युगांडाचा काय भाव?" अण्णा ऐकून घेत. फेरी मात्र त्यांनी बंद केली.

मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करून पूजा करतात, पिकावर ताकातलं आंबील शिंपडतात आणि जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. अण्णांचं मंद्रूपला थोडं रान होतं, वाटेकऱ्याकडे. गौरव्वा गेल्यापासून ते तिकडे वेळ अमावास्येला फिरकले नव्हते.

या वर्षी त्यांनी दोन्ही घरी जाऊन सांगितलं, "शेतावर चला. माझ्याकडं करायला कोन न्हाय. तुमी करा, मी सामान देतो." मलाही बोलावलं. मंद्रूपपर्यंत एसटीने आणि पुढे बैलगाडीने आम्ही गेलो. रतिलालभाई कंपालातला सूट घालून आले होते. त्यांच्याकडे बाहेर जायचा दुसरा कपडा नव्हता. ज्वारी कमरेपर्यंत आली होती.

वाटेकऱ्याने पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि अण्णांना बाजूला घेतलं. "अण्णा, ही कुटली मानसं?"

"आमच्या गल्लीतली," अण्णा म्हणाले.

त्या दिवशीचं मुख्य खाणं म्हणजे भज्जी. वाटाणा, तुरीचे कोवळे दाणे, हरभऱ्याचा पाला आणि मिळेल ती भाजी एकत्र शिजवून बेसन लावतात. बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, वाटेकऱ्याच्या बायकोने आणले होते, आंबिलाचं मडकंही तिनेच भरून ठेवलं होतं. भज्जी ती करणार होती, पण अण्णा नको म्हणाले. मंजुळाबेन आणि दिलमाया, दोघींनाही भज्जी माहीत नव्हती.

"कशी करायची, अण्णा?" मंजुळाबेननी विचारलं.

"गौरव्वा करायची. करताना कधी बगितलं न्हाय. वास ठावं हाय."

मग एक विचित्र स्वयंपाक सुरू झाला. अण्णा चुलीसमोर मांडी घालून, डोळे मिटून बसले. मंजुळाबेन एक एक जिन्नस टाकत आणि थांबत. अण्णा मान हलवत. "न्हाय." चिंचेचा कोळ पडला. "जवळ आलंय. न्हाय अजून." रतिलालभाई सूटच्या बाहीने धूर वारत होते. टीकाराम लाकडं पुढे सरकवत होता. वाटेकऱ्याची बायको लांबून बघत होती. तिला येत होतं, पण कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दिलमायाने पदराची गाठ सोडली. वाटेत बांधावरून तिने कसला तरी पाला खुडून आणला होता. तो तिने हातावर चोळला आणि कुणाला न विचारता भांड्यात टाकला.

या वेळी अण्णांनी 'न्हाय' म्हणून मान हलवली नाही. डोळेही उघडले नाहीत. आम्ही वाट पाहत राहिलो.

मग ते उठले आणि कोपीच्या मागे ज्वारीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मंजुळाबेननी माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा आंबील शिंपडायला गेले असतील," वाटेकरी म्हणाला.

आंबिलाचं मडकं आमच्यासमोरच होतं.