गोदूबाईच्या तीन पाट्या

एका जंगलात, बाळांनो, कुणी काही शोधत नसे. सगळे विचारत.

तिठ्यावरच्या उंबरावर धनेशराव बसायचे. लांब चोच, चोचीवर आणखी एक चोच, त्यामुळे विद्वान दिसायचे. कोवळं गवत कुठं, गोड पाणी कुठं, सगळं त्यांना विचारायचं. ते तीन नावं सांगायचे. जनावरं पहिल्या नावाकडे पळायची. फारच नड असली तर दुसऱ्याकडे. तिसरं नाव ऐकायला कुणी थांबल्याचं आठवत नाही. नाकं सगळ्यांना होती, पण ती आता शिंकण्यापुरती उरली होती.

त्या जंगलात हिरड्याखाली गोदूबाई नावाच्या अस्वलिणीचं मधाचं दुकान होतं. मध असा की चाटणारा बोलायचं विसरे. गोदूबाईचं नाकही जुन्या वळणाचं. दोन डोंगरांपलीकडचं मोहोळ तिला बसल्या जागी कळायचं.

तिचे म्हातारे वडील, अण्णा, दारात बसून खोकायचे. त्यांच्या खोकल्यावर एकच उतारा होता, कारवीचा मध. आणि कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर विचारा कुणाला तरी. मडक्यात मागच्या खेपेचा बोटभर मध उरला होता, आणि यंदा कारवी फुलायची होती.

पण गोदूबाईच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला. मध कुठं मिळतो असं विचारलं की धनेशराव पहिलं नाव एका वानराचं घ्यायचे. तो गुळाचं पाणी विकायचा. गोदूबाईचं नाव तिसरं.

तिनं सल्लागार बोलावला. सल्लागार म्हणजे सरडा. तो कुंपणावरून उतरला, हिरड्याखाली येऊन हिरवा झाला आणि म्हणाला, "बाई, धनेशराव पाट्या वाचून नंबर लावतात. वानराच्या पाटीवर मध हा शब्द अकरा वेळा आहे. तुमच्या पाटीवर एकदाच."

"एकदा लिहिला तर तो मध नसतो का?"

"असतो. पण सापडत नाही."

गोदूबाईनं बारा वेळा लिहिला. वर सरड्याच्या सांगण्यावरून 'कारवीचा अस्सल मध' असंही लिहिलं.

"अहो, तो अजून आणायचाय," ती म्हणाली.

"पाटी आधी, मध मागाहून. सगळे तसंच करतात."

आणि खरंच, गोदूबाईचं नाव पहिलं झालं. गिऱ्हाइकांची रीघ लागली. तिला दोन दिवस झोप गोड लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनेशराव उठले आणि बारा वेळा मध वाचून त्यांना मळमळू लागलं. आता त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेली स्तुती हवी होती. गोदूबाई पुन्हा तिसरी.

सरडा आला. या वेळी पिवळा होता. "एकाच फांदीवर सगळा भार टाकू नये, बाई. नदीकाठी टिटवीकाकू आहेत. बांबूच्या बेटात भारद्वाजबुवा आहेत. त्यांनाही लोक विचारतात."

"किती लोक?"

"टिटवीकाकूंना खेकडे विचारतात. भारद्वाजबुवांना वाट चुकलेले."

झालं. टिटवीकाकूंना लांबण लावलेली खपत नसे, म्हणून मागच्या बाजूला दोन शब्दांची पाटी. भारद्वाजबुवा वाचत नसत, म्हणून बाजूला मडक्याचं चित्र. पुढं धनेशरावांसाठी शेजाऱ्यांची स्तुती. शेजारी साळिंदर होतं. ते स्तुती करायला जवळ आलं की गोदूबाईला आधी सरकून बसावं लागे.

जंगलात यावरून दोन तट पडले. सगळं लक्ष एकट्या धनेशरावांवर ठेवावं की तिघांना सांभाळावं? वाद इतका पेटला की दोन रानडुकरं, ज्यांचं कसलंच दुकान नव्हतं, एकमेकांशी बोलेनाशी झाली.

अण्णा दारातून विचारायचे, "गोदे, कारवी फुलली का गं?"

"फुलली, अण्णा. एवढी पाटी झाली की निघतेच."

वाऱ्यावर कारवीच्या मधाचा वास यायचा. गोदूबाईच्या नाकाला तो कळायचा, जीव तिकडे ओढ घ्यायचा. पण पंजे रंगानं माखलेले. त्यात भारद्वाजबुवांना मडकं जरा डावीकडे हवं होतं.

असं करता करता कारवी वाळली. माश्या पोळ्यांतला मध संपवून पुढच्या डोंगरावर गेल्या. मडक्यातला बोटभर मधही संपला. एका सकाळी अण्णांना अशी ढास लागली की श्वास घ्यायला उसंत मिळेना.

गोदूबाई घाबरली. ती उंबराकडे पळाली. "धनेशराव, कारवीचा मध कुणाकडे मिळेल? कुणाकडेही."

धनेशरावांनी वर न पाहता सांगितलं, "गोदूबाई, हिरड्याखाली. शेजारी फार वाखाणतात."

ती नदीवर पळाली. टिटवीकाकू म्हणाल्या, "गोदू. हिरडा."

ती धापा टाकत बांबूच्या बेटात गेली. भारद्वाजबुवांनी पायानं मातीत एक मडकं काढून दाखवलं. अगदी तिच्याच हातचं, डावीकडे सरकवलेलं.

त्या जंगलात तीन पक्ष्यांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. काय सांगू, बाळांनो, तशा घाईतही गोदूबाईला क्षणभर धन्य वाटलं. ती हिरड्याकडे धावत सुटली. तिन्ही पाट्या ओलांडून आत शिरली आणि मडक्यात पंजा घातला. कोरडा बाहेर आला.

अण्णांनी ढास जरा आवरली. "मिळाला का गं?"

"नाही, अण्णा." ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण तिन्हीकडे पहिला नंबर आलाय."

अण्णा लेकीवर कधी रागावत नसत. त्यांनी तिच्या पाठीवरून पंजा फिरवला. "बरं झालं हो," ते म्हणाले आणि पुन्हा खोकू लागले.

तेवढ्यात सरडा आला. तांबडा होऊन म्हणाला, "बाई, घाटात एक नवा बुलबुल आलाय. त्याच्यासाठीही काहीतरी करायला हवं."

गोदूबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "त्याला काय आवडतं?"

तात्पर्य : एका पक्ष्याची मर्जी राखावी की अनेकांची, हा प्रश्न फार गहन आहे. तो सुटेपर्यंत मध गोळा करायची घाई करू नये. कारवी सात वर्षांनी पुन्हा फुलतेच. अण्णांना तेवढं थांबायला सांगावं.