निःशब्द यंत्राची निवड

लॅपटॉपने प्राण सोडला तेव्हा भाषांतरकार विजेच्या इस्त्रीच्या माहितीपुस्तिकेत ‘ओल्या हातांनी’ इथवर पोचले होते. ओल्या हातांनी काय करू नये, हे जगाला सांगायचे राहून गेले. पडदा काळा झाला आणि वर्षानुवर्षे त्या खोलीतून निघणारी घरघर एकाएकी थांबली.

ती थांबताच सारे घर दचकले. स्वयंपाकघरातून पत्नी हातात झारा घेऊनच धावत आली. पलीकडच्या खोलीत दुपारची वामकुक्षी घेणाऱ्या सासूबाई खडबडून उठून बसल्या.

“काय गं, काय पडलं?”

“काही पडलं नाही, आई. आवाज थांबला.”

“थांबला? अरे देवा!”

त्या लॅपटॉपच्या पोटातला पंखा हा घरातला सर्वांत मोठा आवाज होता. पहिल्यांदाच घरी येणारा पाहुणा हटकून विचारी, “खाली पाण्याचा पंप आहे का हो?” पंख्याशिवाय इतर व्याधीही होत्याच. बिजागरी ढिली झाल्यामुळे पडदा मागे कोलमडे. त्याला शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाचा टेकू दिलेला होता, आणि त्यामुळे दुसऱ्या खंडातला कोणताही शब्द पाहायचा झाल्यास काम बंद ठेवावे लागे.

“आता डेस्कटॉपच घ्यायचा,” भाषांतरकारांनी जाहीर केले. “लॅपटॉप का नको, याची मी तीन कारणं सांगतो. पहिलं—”

“घ्या ना,” पत्नी म्हणाली.

भाषांतरकार थक्क झाले. लग्नानंतर त्यांचे पहिले कारण पूर्ण होण्याआधीच संमती मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. पण पत्नी फिजिओथेरपिस्ट होती. “माझे निम्मे पेशंट लॅपटॉपवर वाकून वाकून माझ्याकडे आलेत,” ती म्हणाली. “तुमची मान तर घरचीच, फुकटात दाबावी लागते. डेस्कटॉप घ्या, पडदा डोळ्यांसमोर येऊ दे, आणि मला सोडवा.”

तिन्ही कारणे तशीच राहिल्याने भाषांतरकार थोडे हिरमुसले, आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराला सांगायची असे ठरवून झोपले.

दुकानात एका लांब मेजावर डेस्कटॉपांची रांग मांडलेली होती. दुकानदार उत्साही होता. त्याने प्रोसेसरपासून सुरुवात केली, मेमरीवर आला, आणि साठवणुकीच्या क्षमतेकडे वळणार, तोच भाषांतरकारांनी हात वर केला.

“ते सगळं असू दे. यांच्या माहितीपुस्तिका दाखवा.”

“काय दाखवू?”

“खोक्यातून यंत्राबरोबर येते ती. सूचनांची.”

दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याच्या साऱ्या व्यवसायात त्या पुस्तिकेबद्दल गिऱ्हाइकाने काढलेला एकमेव प्रश्न ‘ही फेकू का?’ एवढाच होता. “साहेब, ती कुणी वाचत नाही हो,” तो अगदी सहानुभूतीने म्हणाला.

हे वाक्य भाषांतरकारांना कुठे लागले असेल, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. धुलाईयंत्रे, इस्त्र्या, पंखे, केस वाळवायची यंत्रे यांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्यात या गृहस्थांचे निम्मे आयुष्य गेले होते. आपण लिहिलेले कोणी वाचत नाही, ही शंका त्यांना होतीच; पण ती अशी भर दुकानात कोणी बोलून दाखवली नव्हती.

“ज्यांना आपल्या यंत्राबद्दल चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत,” ते करारीपणे म्हणाले, “त्यांनी आत तारा तरी धड जोडल्या असतील कशावरून?”

 दुकानदाराने निमूटपणे खोकी उघडली. भाषांतरकार स्टुलावर बसले, चष्मा पुसला, आणि वाचू लागले. पहिल्या पुस्तिकेत वाक्याचा कर्ता हरवला होता म्हणून तो डेस्कटॉप बाद झाला. दुसरीत एकच ताकीद तीन ठिकाणी तीन प्रकारे दिलेली होती. “यांचं आपसातच ठरलेलं नाही,” म्हणून तोही गेला. तिसऱ्याची दुकानदाराने जीव तोडून शिफारस केली, पण त्याच्या पुस्तिकेची सुरुवातच ‘अभिनंदन!’ अशी झाल्यामुळे भाषांतरकारांनी ती पुढे उघडलीच नाही. आत आलेली दोन गिऱ्हाइके हा प्रकार पाहून, सरकारी तपासणी चालली असावी अशा समजुतीने, परत फिरली.

मग हाती एक बारकीशी पुस्तिका आली. पहिल्याच पानावर एकच वाक्य होते : ‘हे यंत्र चालू असताना आवाज करत नाही.’

भाषांतरकारांनी ते वाक्य दोनदा वाचले. एक शब्द काढावा तर वाक्य लंगडे होई, एक घालावा तर बोजड.

“हा द्या,” ते म्हणाले.

“पण साहेब, तुमचं काम काय, त्याला मेमरी किती लागते, काही तरी—”

“हा चालू करून दाखवा.”

“चालूच आहे,” दुकानदार म्हणाला. “तुम्ही आलात तेव्हापासून चालू आहे.”

भाषांतरकार त्या काळ्या डब्याकडे डोळे विस्फारून पाहत राहिले. इतके सत्यवचनी गद्य त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

संध्याकाळपर्यंत डेस्कटॉप घरी आला आणि खोलीत स्थानापन्न झाला. खोली म्हणजे एका मोठ्या खोलीत प्लायवूडची फळी उभी करून केलेला अर्धा भाग. पलीकडच्या अर्ध्यात सासूबाई आणि कन्या राहत. भाषांतरकारांनी बटण दाबले, ‘ओल्या हातांनी’ हे शब्द पुन्हा लिहिले, आणि त्या पवित्र शांततेत पुढचे वाक्य जुळवू लागले.

शांततेत प्रथम नळ ठिबकताना ऐकू आला. मग फळीपलीकडून सासूबाईंचे घोरणे आले, आणि त्यात एक शिटीही आहे हे कळून भाषांतरकार हबकले. मग स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. ती आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

“आत बसलेत. छे गं, खुशाल बोल, एकदा त्या यंत्रापुढे बसले की बाँब फुटला तरी कळत नाही त्यांना... त्यांची निळी शाल? अगं, ती मी कधीच देऊन टाकली! अजून शोधतायत!”

भाषांतरकारांच्या हातातून माउस सुटला. त्या शालीवरून त्यांनी लाँड्रीवाल्याशी कायमचे वैर पत्करले होते. दीड मैल चालून ते दुसऱ्या लाँड्रीत कपडे टाकत असत. त्राग्याने ते उठले, पण दारापाशी पोचतात तोच फळीपलीकडून आणखी एक आवाज आला आणि त्यांचे पाय जागीच थिजले.

“धुलाईयंत्राचे झाकण, यंत्रातील कपडे फिरत असताना, किंवा ते फिरायचे थांबले आहेत असे केवळ वाटत असताना—”

आवाज कन्येचा होता. वाक्य त्यांचे होते.

“दम लागला, आजी,” कन्या म्हणाली. “बाबांची वाक्यं म्हणजे जिना आहे नुसता. मधे टेकायलाही जागा नाही.”

“म्हणून तर तीच वाच,” सासूबाई म्हणाल्या. त्या जाग्या झाल्या होत्या. “रेडिओवाले परवा काय वाचायला देतील सांगता येतं का? एकदा तुझ्या बाबांचं लिहिलेलं धड वाचता आलं, की मग बातम्या म्हणजे काय, खेळ!”

“बाबांना नाही ना सांगितलंस?”

“मी? वेड लागलंय का मला?”

भाषांतरकार खुर्चीवर मटकन बसले. आपल्या मुलीची रेडिओवर बातम्या देण्यासाठी आवाजाची चाचणी आहे, ती परवावर आली आहे, आणि हे आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे! का लपवले, हे मात्र त्यांना विचारावे लागले नाही. शाळेत असताना ती एकदा भाषणाच्या स्पर्धेत उतरली होती. भाषांतरकारांनी भाषणाच्या पहिल्या वाक्यावर इतकी सांगोपांग चर्चा केली होती की दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचण्याआधी स्पर्धा होऊन गेली. त्यानंतर त्या मुलीने वडिलांसमोर वर्तमानपत्राचा मथळासुद्धा मोठ्याने वाचला नव्हता. आणि आज ती त्यांची पुस्तिका वाचत होती. कोणी वाचत नाही ती.

शाल विसरून ते कान देऊन ऐकू लागले.

“—परंतु यंत्रावरील तांबडा दिवा अद्याप विझलेला नसताना—”

आता थांब, भाषांतरकार मनात म्हणाले. श्वास घे. कन्येने श्वास घेतला.

“कोणत्याही कारणास्तव—” आता आवाज उतरव. तिने उतरवला. “मग ते कारण वापरकर्त्यास कितीही सबळ वाटत असले तरी—” थांब, थांब, घाई नको. ती थांबली. “उघडू नये.”

भाषांतरकारांच्या अंगावर काटा आला. नेमके तिथेच, जिथे आपण थांबलो असतो! न शिकवता, न सांगता! याला म्हणतात रक्त, असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांचे डोळे पाणावले. एवढ्यात पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला आणि पत्नी दबक्या स्वरात म्हणाली, “अगं हळू! तो नवा कॉम्प्युटर आवाजच करत नाही. त्यांना सगळं ऐकू जात असेल!”

फळीपलीकडे चिडीचूप झाले. मग बराच वेळ नुसती कुजबुज.  संपले, भाषांतरकार मनाशी म्हणाले. आता पोरगी मिटली.

दुसऱ्या दिवशी तसेच घडले. संध्याकाळी पलीकडे वाचन सुरू झाले, तेव्हा भाषांतरकारांनी मनानेही ढवळाढवळ करायची नाही असा निश्चय केला, आणि ते खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहत बसले. पण वाचनाची पार रया गेली होती. “धुलाईयंत्राचे झाकण,” एवढे म्हणून कन्या थांबे. खूप वेळ थांबे. मग चाचरत पुढचे दोन शब्द उच्चारी, पुन्हा थांबे, जणू कोणी अंगावर ओरडेल म्हणून कानोसा घेत आहे.

भाषांतरकारांना ते ऐकवेना. चाचणी उद्यावर आलेली, आणि मुलगी केवळ आपल्या धाकाने वाक्यावाक्यात अडखळते आहे! आपल्याला काही ऐकू येत नाही अशी तिची खात्री पटली, तरच ती वाचेल. आणि तशी खात्री पटवायचा एकच मार्ग होता. त्यांनी संगणक उचलला आणि दुकान गाठले.

दुकानदार त्यांना पाहून उभाच राहिला. “काय झालं साहेब? बिघडला?”

“बिघडलेला नाही. हीच अडचण आहे. हा आवाज करत नाही.”

“ते तर पुस्तिकेत लिहिलंय,” दुकानदार म्हणाला, आणि सूड उगवल्यासारखे किंचित हसला. “तुम्हीच वाचलंत.”

“याच्यात आवाज करणारा पंखा बसवून द्या. मोठा. घरघर करणारा.”

दुकानदाराने कान खाजवला. “साहेब, लोक आवाज घालवायला येतात माझ्याकडे.”

“मी घ्यायला आलोय. भंगारात असेल एखादा. बेअरिंग गेलेला असला तर उत्तम.”

“नव्या मशीनमध्ये गेलेला पंखा बसवू? साहेब, घरी विचारलंय का?”

“घरासाठीच तर चाललंय सगळं,” भाषांतरकार म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच कारणे न सांगता गप्प बसले.

दुकानदाराने मागच्या खोलीतून एक पंखा शोधून आणला. तो फिरू लागताच शेजारच्या औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन आकाशाकडे पाहू लागला. “छान,” भाषांतरकार म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बटण दाबले. घरघर उठली, फळी थरथरली, पेला मेजावरून हळूहळू सरकू लागला. भाषांतरकार समाधानाने पाठ टेकून बसले. आता पलीकडे निर्धास्त वाचन चालले असेल, त्यांनी कल्पना केली. ऐकू मात्र काहीच येत नव्हते. ते ऐकू यावे म्हणून जीव तुटत होता, आणि ते येत नव्हते यातच त्यांच्या त्यागाची थोरवी होती. या विचाराने ते गहिवरणार, तोच दार वाजले.

कन्या दारात उभी होती. कपाळावर आठ्या होत्या.

“बाबा, बंद करा ना ते!”

“का? माझं काम चाललंय. मला काही एक ऐकू येत नाही,” भाषांतरकार ओरडून म्हणाले.

“तुम्हाला नाही हो, मला! मला ऐकू येत नाहीये!”

“काय ऐकू येत नाही?”

“तुम्ही!” कन्या ओरडली. “काल कसं छान सांगत होतात! इथे थांब, श्वास घे, आवाज उतरव. आज अख्खी संध्याकाळ वाट बघितली, एक शब्द नाही. आणि आता हे सुरू केलंत!”

भाषांतरकारांनी बटण दाबले. घरघर मंदावत थांबली.

“मी,” ते म्हणाले, “मी ते मनात म्हणालो होतो.”

“मनात?” फळीपलीकडून सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, तुम्ही बसल्या जागी सगळं मोठ्यानंच बोलता. इतकी वर्षं त्या लॅपटॉपच्या गिरणीत ऐकू येत नव्हतं, एवढंच. माझ्या घोरण्यात शिटी आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.”

“आणि शालीबद्दल मला जे म्हणालात तेसुद्धा,” स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला.

 गेल्या कित्येक वर्षांत त्या खुर्चीवर बसून आपण मनात काय काय म्हटले, याचा हिशेब भाषांतरकारांनी लावायला घेतला आणि घाबरून लगेच सोडून दिला.

“चला, वेळ नाहीये,” कन्या म्हणाली. “मी तिकडे जाते. तुम्ही कालच्यासारखं सांगा. फक्त चर्चा नको.”

ती गेली. फळीपलीकडे पान उलटल्याचा आवाज झाला. घरभर अशी शांतता पसरली की नळाचा थेंबसुद्धा थांबला असावा.

“धुलाईयंत्राचे झाकण,” कन्येने सुरुवात केली, “यंत्रातील कपडे फिरत असताना—”

आणि ती थांबली.

भाषांतरकारांनी तोंड उघडले. पलीकडे तिघीजणी आपला शब्द ऐकायला कान देऊन बसल्या आहेत, या जाणिवेने त्यांच्या तळहातांना घाम सुटला. आयुष्यात एका स्वल्पविरामावरून जगाशी भांडलेला हा माणूस त्या फळीकडे नुसता बघत राहिला.

“बाबा?” पलीकडून हलकेच हाक आली. “घाबरू नका. श्वास घ्या.”

भाषांतरकारांनी श्वास घेतला.

“इथे,” ते म्हणाले. “इथेच थांबायचं.”