मागच्या चाकाचा हट्ट

या, असे जवळ सरका, मांडी घालून बसा. देवानं माणसाला हात दिले आणि डोकंही दिलं, पण दोन्ही एकाच वेळी चालतील अशी हमी काही दिली नाही. त्याचीच ही गोष्ट.

भूमिती शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या गाडीचे मागचे ब्रेक किंचाळू लागले होते. पॅड पार झिजले होते. त्यातच मास्तरांच्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी त्यांना दवाखान्यातून आणायचं होतं, आणि भाड्याच्या गाडीत ते पाय ठेवणार नव्हते.

"त्यात काय, पुढचे मीच बदलले होते की!" असं म्हणत मास्तरांनी बाह्या सरसावल्या. गाडी घसरू नये म्हणून हँडब्रेक करकचून ओढला, जॅक लावला, चाक काढलं. पण डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर काही सुटेना.

"अहो, हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो ना?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

मास्तरांनी जीभ चावली. मग पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला आणि कॅलिपर सुटला. आता नवे जाड पॅड बसायचे तर कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन आत जायला हवा. तो ढिम्म हलेना.

शेजारचे सुतारकाका फळ्या आवळून धरायचा आपला शिकंजा घेऊन धावले. "माझ्या शिकंज्यापुढे फळ्या शहाण्या होतात, हा कोण लागून गेला?" दोघांनी मिळून आवळला. पिस्टन तसाच, काकांच्या कमरेतून मात्र कट्कन आवाज आला.

"आता तिकडे नाना बाकावर बसून माझा उद्धार करत असतील," मास्तर कळवळले.

बायको बाहेर येऊन उकिडवी बसली, टॉर्च मारून बघू लागली. "पुढच्या पिस्टनचं तोंड सपाट होतं. याला या खाचा कशाला दिल्यात?"

"शोभेला!" काका कण्हत म्हणाले.

तिनं टोकदार पक्कड खाचांत अडकवली. "तुम्ही हलकेच दाबा, मी फिरवते." पिस्टन स्क्रूसारखा गोल फिरत निमूट आत गेला.

"तुला कसं गं सुचलं?"

"नानांची लेक आहे मी. ढकलून हलणारं माणूस आमच्या घरात नाही."

दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं, पॅड बसले, चाकं चढली. पेडल आधी तळाला गेलं. मास्तरांनी दाबून दाबून ते घट्ट केलं, गल्लीत ब्रेक लावून पाहिले आणि दोघं निघाली.

दवाखान्याच्या दारात नानांनी विचारलं, "ब्रेक कुणी बदलले?"

"मी!" मास्तर छाती काढून म्हणाले.

उठलेले नाना परत बाकावर बसले. "पट्टी माझ्या डोळ्यावर आहे, अकलेवर नाही. मी चालत येतो."

"चला हो नाना!" मास्तरांनी त्यांच्या पाठीला हात लावला. नाना त्या पिस्टनसारखेच ढिम्म.

लेक हळूच म्हणाली, "नाना, मागचं किंचाळणं पुरतं गेलं की नाही, काही कळत नाहीये. आमचे कान कुठले तुमच्यासारखे?"

नाना उठले. गाडीत बसून खिडकीला कान लावला. "हां, आता दाब! सोड! परत दाब!"

घर आलं. मास्तरांनी दार उघडून धरलं, पण नाना उतरेनात.

"अजून एक चक्कर मार. डाव्या चाकाबद्दल खात्री नाही."

मास्तरांनी केविलवाण्या चेहऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती हसत घरात निघूनही गेली.

तर मायबापहो, काही अडलं आणि जोर लावायचा मोह झाला, की क्षणभर थांबा आणि त्या माउलीची आठवण काढा. सुतारकाकांच्या कमरेचीही काढा, ती अजून दुखतेय.